साक्षीदाराला कागदासह बोलावताना: समन्सच्या अर्जापासून निशाणी पडेपर्यंत

"कसला कागद पाहिजे तेच कळलं नाही, साहेब." समन्स घेऊन आलेला कारकून रिकाम्या हातांनी पिंजऱ्याशी उभा राहून असे म्हणतो, तेव्हा चूक बहुधा त्याची नसते. समन्समध्ये लिहिलेले असते, 'दाव्यातील जमिनीचे सर्व कागदपत्र घेऊन हजर राहावे.' जमीन तीन पिढ्यांची, गट दोनदा फुटलेला आणि कार्यालयात कपाटांची रांग. मग तारीख पडते. पक्षकार वकिलाला बोल लावतो, वकील कार्यालयाला.

मी तालुका न्यायालयात दिवाणी वकिली करतो. वाया गेलेली समन्से पुष्कळ पाहिली, सुरुवातीच्या वर्षांत स्वतःही काढली. त्यांतली बहुतेक अर्ज लिहिण्याआधीच वाया गेलेली होती, कारण नेमका कोणता कागद, तो कोणाच्या ताब्यात आणि कोणत्या मुद्द्यासाठी, हे मागणाऱ्यालाच ठाऊक नव्हते. म्हणून या लेखात अर्जाच्या मसुद्याआधीची तयारीच जास्त आहे.

हे सारे महाराष्ट्रातल्या साध्या दिवाणी दाव्यासाठी आहे. त्याला लागू होतो तो दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ चा आदेश १६ ('आदेश' हे इथे संहितेतल्या नियमांच्या गटाचे नाव). व्यापारी दाव्यांत कागद दाखल करण्याच्या मुदती वेगळ्या आणि कडक असतात, त्यांना हा क्रम जसाच्या तसा लावू नका.

## टप्पा १: समन्स लागते का, ते आधी ठरवा

कागद कोणाच्या ताब्यात आहे यावर मार्ग ठरतो.

कागद समोरच्या पक्षकाराकडे असेल तर साक्षीदाराचे समन्स हा पहिला मार्ग नाही. त्याला कागद हजर करण्याची नोटीस द्या (आदेश १२, नियम ८), किंवा न्यायालयाकडून हजर करण्याचा आदेश मागा (आदेश ११, नियम १४). नोटीस देऊनही त्याने मूळ कागद आणला नाही, तर तुम्हाला त्याची प्रत दुय्यम पुरावा म्हणून देण्याची वाट मोकळी होते. शिवाय नोटीस मिळूनही दडवलेला कागद त्याला पुढे स्वतःच्या सोयीने बाहेर काढता येत नाही; त्यासाठी तुमची संमती किंवा न्यायालयाचा आदेश लागतो. एका पानाच्या नोटिशीचा एवढा उपयोग असताना लोक ती द्यायचीच विसरतात.

कागद दुसऱ्या न्यायालयाच्या प्रकरणात असेल तर तिथल्या शिरस्तेदाराला (न्यायालयाचे दप्तर सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याला) समन्स काढू नका. आदेश १३, नियम १० खाली ते रेकॉर्ड मागवण्याचा अर्ज करा. सोबत शपथपत्र हवे. त्यात रेकॉर्ड कसे महत्त्वाचे आहे हे सांगा आणि नक्कल वाजवी वेळेत व खर्चात का मिळत नाही, किंवा मूळच का पाहिजे, हेही लिहा.

प्रमाणित नक्कल मिळत असेल तर ती आणा आणि दाखल करा. सातबारा, मिळकत पत्रिका, जन्म-मृत्यूची नोंद, नोंदणीकृत दस्त यांसाठी अधिकाऱ्याला बोलावण्यात सहा महिने घालवणारे लोक मी पाहिले आहेत. सार्वजनिक दस्तऐवज प्रमाणित नकलेने सिद्ध होतो. नोंदणीकृत दस्ताचा मजकूरही नोंदणी अधिनियम, १९०८ च्या कलम ५७ खाली मिळालेल्या नकलेने दाखवता येतो. दस्तावरची सही खरी की खोटी, हा प्रश्न मात्र त्यातून सुटत नाही.

मूळच पाहण्याची गरज असेल, म्हणजे अंगठा, सही, खाडाखोड किंवा शाईचा वाद असेल, तर नक्कल निरुपयोगी ठरते. दुय्यम निबंधकाकडचे अंगठ्याच्या ठशांचे रजिस्टर हे त्याचे नेहमीचे उदाहरण. इथे समन्सच लागते.

> इशारा: मृत्युपत्राच्या दाव्यात दुय्यम निबंधकाला रजिस्टरसह बोलावले म्हणून मृत्युपत्र सिद्ध होत नाही. त्यावर सही करणारा निदान एक साक्षीदार हयात असेल आणि येऊ शकत असेल, तर त्यालाच तपासावे लागते. ही चूक अपिलात फार महागात पडते.

## टप्पा २: कागदाचा ठावठिकाणा काढा

इथे घाई करू नका, निम्मे काम इथेच होते.

एक नेहमीचे प्रकरण घेऊ. बहीण वाटपाचा दावा लावते. भाऊ म्हणतात, १९८९ साली वारसनोंद झाली, तेव्हा हिने हरकत घेतली नाही. बहीण म्हणते, मला नोटीसच आली नव्हती. आता फेरफाराचा उतारा दोघांकडेही आहे, त्याने काहीच ठरत नाही. फेरफाराच्या नोंदीने मालकी हक्क मिळत नाही, हेही सर्वांना पाठ आहे. पण बहिणीला हवी आहे ती त्या नोंदीमागची संचिका: वर्दी (नोंदीसाठीची खबर) कोणी दिली, नमुना ९ ची नोटीस कोणाकोणाच्या नावे निघाली, पोच कोणाच्या सहीची आहे, जबाब कोणाचा घेतला.

यासाठी समन्सआधी करायची कामे अशी:

१. फेरफाराचा क्रमांक आणि मंजुरीची तारीख उताऱ्यावरून उतरवून घ्या. क्रमांक गावनिहाय असतो, म्हणून गावाचे नावही सोबत लिहा. गावाचे विभाजन झाले असेल तर त्या वेळचे नाव लिहा.

२. रेकॉर्ड कुठे आहे ते विचारा. तलाठ्याकडे (आता ग्राम महसूल अधिकारी) चालू दप्तर असते, जुने बहुधा तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात गेलेले असते. ऑनलाइन अभिलेखात जुन्या नोंदवहीचे पान दिसले म्हणून संचिकाही तिथेच असेल असे धरू नका.

३. माहिती अधिकारात अर्ज करा. दहा रुपये फी आणि तीस दिवसांची मुदत. प्रश्न एवढाच विचारा की ही संचिका आपल्या कार्यालयात आहे का, कोणाच्या ताब्यात आहे, नष्ट केली असल्यास त्या नोंदीची प्रत द्यावी. या उत्तराकडे पुरावा म्हणून पाहू नका. त्यातून कपाटाचा पत्ता कळला, म्हणजे अर्जाचे काम झाले.

४. नष्ट झाल्याचे कळले तरी निराश होऊ नका. सरकारी दप्तर 'अ', 'ब', 'क', 'ड' अशा वर्गांत असते. 'अ' कायम ठेवतात, बाकीचे मुदत संपल्यावर नष्ट करतात. संचिका नष्ट झाली हे अधिकाऱ्याने लेखी दिले, की दुय्यम पुरावा देण्याला आधार मिळतो. कधीकधी 'नाही' हेच उत्तर आपल्याला हवे असते.

खाजगी संस्थांकडे मात्र वेळ फार महत्त्वाची. सीसीटीव्हीचे चित्रण काही दिवसांत किंवा आठवड्यांत पुसले जाऊन त्यावर नवे चढते. मोबाईल कंपन्याही कॉलच्या नोंदी कायम ठेवत नाहीत. आंतररुग्णाचे कागद डॉक्टरांनी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपावेत, असे वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या विनियमांत आहे. वडिलांच्या मृत्युपत्राच्या वेळी त्यांची शुद्ध कशी होती, हे केसपेपरवरून दाखवायचे असेल तर न्यायालय दाव्यातले वादाचे मुद्दे काढेपर्यंत थांबलात, की बस चुकली. दावा लावतानाच त्या संस्थेला स्पीड पोस्टने पत्र द्या: अमुक नोंद न्यायालयात लागणार आहे, ती जपून ठेवावी. शक्य असेल तर ती जपण्याचा आदेशही न्यायालयाकडून घ्या.

> तपासून पाहा: कागदाचा क्रमांक, तारीख, ताबेदाराचे पद आणि कार्यालयाचा पत्ता, या चार गोष्टी तुमच्या टिपणात आहेत का? त्यातल्या दोन तरी नसतील तर टप्पा ३ वर जाऊ नका.

### बँकेचा अपवाद

बँकेच्या शाखाधिकाऱ्याला 'खातेपुस्तकासह हजर राहावे' असे समन्स काढले, की बँकेचा वकील बँकर्स बुक्स एव्हिडन्स अ‍ॅक्ट, १८९१ चे कलम ५ दाखवतो. ज्या दाव्यात बँक पक्षकार नाही, त्यात न्यायालयाने विशेष कारणासाठी आदेश दिल्याशिवाय बँकेच्या अधिकाऱ्याला पुस्तके आणण्याची किंवा साक्षीला येण्याची सक्ती करता येत नाही. त्याची गरजही नसते, कारण कलम ४ प्रमाणे प्रमाणित उतारा पुरावा म्हणून चालतो.

पण दुसऱ्याच्या खात्याचा उतारा बँक तुम्हाला सहज देणार नाही. त्यासाठी कलम ६ खाली नोंदी पाहण्याचा व त्यांच्या प्रती घेण्याचा आदेश मागा. अर्जात खाते क्रमांक, शाखा आणि तारखेपासून तारखेपर्यंतचा काळ लिहा. हा आदेश बँकेला, सुट्टीचे दिवस सोडून, पूर्ण तीन दिवस आधी मिळाला पाहिजे. उतारा हाती आला की तळाचे प्रमाणपत्र वाचा. नोंद बँकेच्या नेहमीच्या पुस्तकातली आहे, नेहमीच्या व्यवहारात झाली आहे आणि पुस्तक बँकेच्याच ताब्यात आहे, हे त्यात लिहिलेले हवे. खाली नाव, हुद्दा, तारीख. संगणकातली छापील प्रत असेल तर त्या कायद्याच्या कलम २अ ची प्रमाणपत्रेही लागतात. नुसता गोल शिक्का मारलेले स्टेटमेंट घेऊन निघालात तर परत शाखेत जावे लागेल.

## टप्पा ३: साक्षीदारांची यादी वेळेत द्या

मुद्दे निघाल्यापासून पंधरा दिवसांच्या आत साक्षीदारांची यादी द्यायची असते. यादी दिल्यापासून पाच दिवसांत समन्सचा अर्ज. प्रत्यक्षात या मुदती सगळीकडे इतक्या काटेकोर पाळल्या जात नाहीत, पण हरकत घेणारा वकील नेमका हाच नियम वाचून दाखवतो.

यादीत नाव नसलेल्या साक्षीदारालाही बोलावता येते, मात्र आधी नाव का दिले नाही याचे पुरेसे कारण सांगावे लागते. 'नजरचुकीने राहिले' हे कारण दुबळे आहे. 'संचिका अभिलेख कक्षात असल्याचे अमुक तारखेच्या माहिती अधिकाराच्या उत्तरावरून कळले' हे बळकट, आणि टप्पा २ नीट केला असेल तर ते तुमच्या हातातच असते.

> इशारा: 'पुरावा संपला' अशी पुरशिस (न्यायालयाला द्यायचे लेखी निवेदन) देण्याआधी रोजनामा (प्रकरणाची तारीखवार नोंद) पाहा. समन्सचा अर्ज प्रलंबित असताना ही पुरशिस गेली, तर पुन्हा पुरावा उघडण्यासाठी वेगळा अर्ज, वेगळी हरकत आणि बहुधा दंडही.

## टप्पा ४: अर्ज लिहा

आदेश १६, नियम ५ प्रमाणे समन्समध्ये तीन गोष्टी स्पष्ट हव्यात: कधी व कुठे यायचे, कशासाठी यायचे (साक्ष द्यायला, कागद हजर करायला की दोन्हींसाठी) आणि कागदाचे पुरेसे अचूक वर्णन. समन्स तुमच्या अर्जावरूनच तयार होते, म्हणून अर्जातली ढिलाई समन्समध्ये उतरते.

वर्णन. वरच्या प्रकरणातला मजकूर असा लिहिता येईल:

"मौजे ——, ता. —— येथील फेरफार क्र. ——, मंजुरी दि. ——, याची मूळ संचिका, तीमधील (अ) वर्दी अर्ज, (ब) हितसंबंधितांना काढलेल्या नमुना ९ च्या नोटिसा व त्यांच्या पोच, (क) घेतलेले जबाब. तसेच गाव नमुना ६ मधील सदर नोंदीचे पान. सदर अभिलेख उपलब्ध नसल्यास अथवा नष्ट केला असल्यास तसे प्रमाणपत्र, नष्ट केल्याच्या नोंदीच्या प्रतीसह."

शेवटचे वाक्य विसरू नका. ते नसेल तर 'रेकॉर्ड सापडत नाही' एवढे तोंडी सांगून साक्षीदार सुटतो.

कोणाला. सरकारी कार्यालयात व्यक्तीचे नाव घालू नका, पद घाला. बदली झालेल्या तहसीलदारांना समन्स जाते, ते नव्या ठिकाणाहून कळवतात की माझ्याकडे अभिलेख नाही, आणि ते बरोबरच असते. 'तहसीलदार, ——, किंवा त्यांनी लेखी अधिकार दिलेला, अभिलेखाची माहिती असलेला कर्मचारी' असे लिहा. याउलट ज्याने स्वतः काही केले किंवा पाहिले त्याची साक्ष हवी असेल, जसे मोजणी करणारा भूकरमापक, तर नावच द्या. पद दिलेत तर भलताच कर्मचारी येईल आणि 'मी मोजणीला नव्हतो' असे उलटतपासात सांगून जाईल.

कशासाठी. इथे लोक सर्वात जास्त घसरतात. जो फक्त कागद हजर करायला येतो तो साक्षीदार ठरत नाही, त्याचा उलटतपास होत नाही, आणि त्याने स्वतः न येता कोणाकरवी कागद पोचवला तरी समन्सचे पालन झाले असे धरतात (नियम ६). प्रमाणित करून वाचता येईल अशा सरकारी नोंदीसाठी एवढे पुरते. पण कागद कोणाच्या हस्ताक्षरातला आहे, नोंद कशी झाली, हे कोणीतरी शपथेवर सांगायला हवे असेल तर अर्जात 'साक्ष देण्यासाठी व कागद हजर करण्यासाठी' असेच लिहा. खाजगी रुग्णालयाच्या केसपेपरला आणि सोसायटीच्या सभेच्या इतिवृत्ताला बहुधा हेच लागते.

कोणत्या मुद्द्यासाठी. एकच वाक्य, पण ते हवेच: 'मुद्दा क्र. ३ शाबित करण्यासाठी. सदर नोटिसा वादीस बजावल्या गेल्या होत्या काय हे यावरून दिसून येईल.' हे वाक्य लिहिता येत नसेल तर थांबा. कदाचित तुम्ही कागद शोधायला निघाला आहात, सिद्ध करायला नव्हे. '१९७० पासून आजतागायतचे सर्व फेरफार' अशा मागणीला न्यायालये चाचपडणे म्हणतात आणि अर्ज फेटाळतात. रास्तच आहे ते.

इलेक्ट्रॉनिक नोंद असेल तर 'भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३(४) प्रमाणे भाग अ व भाग ब च्या प्रमाणपत्रांसह' हे शब्द अर्जातच घाला. भाग अ यंत्र किंवा नोंद सांभाळणाऱ्याने द्यायचा आणि भाग ब तज्ज्ञाने. त्यात फाईलची हॅश किंमत (फाईल बदललेली नाही हे दाखवणारी खूण) येते. पेनड्राइव्ह हजर झाला आणि प्रमाणपत्र नाही, तर पुन्हा समन्स.

> तपासून पाहा: नवा साक्ष्य अधिनियम १ जुलै २०२४ पासून लागू झाला. त्याआधीपासून प्रलंबित असलेली प्रकरणे जुन्या १८७२ च्या कायद्याप्रमाणे चालवायची, असे नव्याच कायद्याच्या कलम १७० मध्ये आहे. दाव्याचे साल पाहून कलम लिहा. फक्त कागद आणणाऱ्याचा उलटतपास नाही हे जुन्यात १३९, नव्यात १४४; प्रमाणपत्राचे जुन्यात ६५ब, नव्यात ६३.

## टप्पा ५: भत्ता भरा, बजावणी करून घ्या

अर्ज मंजूर झाल्याचा आदेश म्हणजे समन्स निघाले असे नाही. हे वाक्य पक्षकारांना मी तीनदा सांगतो, तरी पुढच्या तारखेला कोणीतरी विचारतेच, "अजून साक्षीदार कसा आला नाही?"

आदेशानंतर प्रोसेस फी (बजावणीचे शुल्क) आणि साक्षीदाराचा प्रवासखर्च व भत्ता भरायचा असतो. त्यासाठी न्यायालय मुदत देते, ती समन्सच्या अर्जापासून सात दिवसांपलीकडे जाऊ शकत नाही. रक्कम अंतर आणि साक्षीदाराचा दर्जा यांवर ठरते. नाझरकडून (न्यायालयात पैसे व बजावणी पाहणाऱ्या कर्मचाऱ्याकडून) आकडा घ्या, अंदाजाने भरू नका. कमी भरली तर न्यायालय जादा रक्कम मागू शकते, आणि तोवर साक्षीदाराकडे न येण्याचे आयते कारण असते. पावतीची झेरॉक्स फाईलला लावा.

बजावणी प्रतिवादीच्या समन्ससारखीच, बेलिफामार्फत. न्यायालयाच्या परवानगीने हातदस्त समन्सही घेता येते, म्हणजे तुम्ही स्वतः नेऊन बजावायचे. कार्यालयांसाठी मी हेच सुचवतो. आवक-जावक विभागात द्या, तुमच्या प्रतीवर शिक्का, आवक क्रमांक आणि तारीख घ्या आणि ती प्रत बजावणीच्या शपथपत्रासह न्यायालयात दाखल करा. साक्षीदाराने सही द्यायला नकार दिला तर भांडू नका. तसे न्यायालयाला कळवा, न्यायालय पुन्हा समन्स काढून ते नेहमीच्या पद्धतीने बजावते.

तारीख आणि बजावणी यांत पुरेसे दिवस ठेवा. परवाच्या तारखेचे समन्स आज देऊन अभिलेख कक्षातून १९८९ ची संचिका निघत नसते. मी निदान तीन आठवडे मागतो.

लांबचा साक्षीदार असेल तर आदेश १६, नियम १९ पाहा. न्यायालयाच्या हद्दीबाहेर राहणाऱ्याला जातीने येण्याचा आदेश शंभर किलोमीटरच्या आतच देता येतो. अंतराच्या सहापैकी पाच भागांत रेल्वे किंवा नेहमीची सार्वजनिक वाहतूक असेल तर ही मर्यादा पाचशे किलोमीटर होते. विमानाची सोय असून त्याचे भाडे दिले, तर त्याहून लांबूनही बोलावता येते. नाहीतर कमिशन, म्हणजे न्यायालयाने नेमलेल्या व्यक्तीकडून साक्ष नोंदवून घेणे.

## टप्पा ६: तारखेच्या दिवशी

सकाळीच साक्षीदाराला गाठा. काय आणले ते विचारा, पण कागद स्वतःच्या हातात घेऊ नका. तो न्यायालयासमोर येऊ द्या.

कागद हजर झाल्याची नोंद रोजनाम्यात झाली आहे ना, ते पाहा: काय हजर झाले, किती पाने, मूळ की नक्कल. मूळ असेल तर पाहणीची परवानगी मागा आणि समोरच्या बाजूलाही पाहू द्या. साक्षीदाराला मूळ परत न्यायचे असेल तर त्याची सत्यप्रत रेकॉर्डवर ठेवून घ्या.

आता निशाणीचा, म्हणजे पुराव्यात घेतलेल्या कागदाला न्यायालय देते त्या क्रमांकाचा, प्रश्न. हजर झालेला कागद आपोआप पुराव्यात वाचला जात नाही. त्याला निशाणी पडावी लागते, आणि त्यासाठी तो सिद्ध व्हावा लागतो किंवा समोरच्याने कबूल करावा लागतो. 'रेकॉर्ड आलं, काम झालं' म्हणून घरी गेलेल्या पक्षकाराला युक्तिवादाच्या दिवशी कळते की कागद फाईलमध्ये आहे, पण वाचता येत नाही. म्हणून ताबेदाराला शपथ देऊन इतके तरी विचारून घ्या: आपण कोणत्या पदावर आहात, हा अभिलेख कोणाच्या ताब्यात असतो, तो कार्यालयाच्या नेहमीच्या कामात ठेवला जातो का, आज मूळ आणले आहे का. ज्याने लिहिले त्याची सही ओळखता का, हाही प्रश्न. ओळखत असेल तर कोणत्या अनुभवावरून, तेही लगेच विचारा.

> इशारा: मुद्रांक कमी भरलेला मूळ दस्त न्यायालयासमोर आला, की महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाखाली तो जप्त होऊ शकतो, आणि तूट व शास्ती भरेपर्यंत पुराव्यात घेतला जात नाही. त्रयस्थाकडून असा दस्त बोलावण्याआधी त्यावरचा मुद्रांक माहीत करून घ्या.

## टप्पा ७: साक्षीदार आलाच नाही तर

लगेच वॉरंट मागायची घाई नको. आधी स्वतःची बाजू तपासा: समन्स खरोखर बजावले गेले का, बेलिफाचा अहवाल किंवा शपथपत्र फाईलला आहे का, भत्ता दिला का, वर्णन समजण्यासारखे होते का. यातले एक जरी कच्चे असेल तर न्यायाधीश वॉरंट देणार नाहीत, आणि देऊही नये.

सगळे पक्के असेल तर क्रम असा: दुसरे समन्स किंवा स्मरणपत्र, मग आदेश १६, नियम १० खाली जाहीरनामा, त्यासोबत किंवा त्याऐवजी वॉरंट (बहुधा जामीनपात्र), आणि गरज पडल्यास मालमत्तेची जप्ती. संहितेच्या कलम ३२ खाली पाच हजार रुपयांपर्यंत दंड करता येतो. जाणूनबुजून कागद न आणणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २१० खाली गुन्हाही आहे. सरकारी कार्यालयाच्या बाबतीत माझा अनुभव असा की दुसऱ्या समन्ससोबत वरिष्ठ अधिकाऱ्याला न्यायालयाचे पत्र गेले, की वॉरंटापर्यंत जावे लागत नाही.

फौजदारी प्रकरणात हे काम भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ ने (जुने ९१) होते. दोन गोष्टी ध्यानात ठेवा. खुद्द आरोपीला त्याच्याविरुद्धचा कागद हजर करायला लावता येत नाही. आणि दोषारोप ठेवण्याच्या टप्प्यावर आरोपीने आपल्या बचावाचे कागद मागवायला हे कलम सहसा उपयोगी पडत नाही, सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली ते स्पष्ट केले आहे.

## समन्स तुमच्याच हाती आले तर

सोसायटीचे सचिव, शाळेचे मुख्याध्यापक, छोट्या रुग्णालयाचे डॉक्टर यांच्यासाठी हा भाग. समन्स आले म्हणजे तुमच्यावर खटला झाला असे नाही.

आधी 'कशासाठी' ही ओळ वाचा. फक्त कागद हजर करायला सांगितले असेल तर अधिकारपत्र देऊन कर्मचाऱ्याला पाठवता येते. साक्षही मागितली असेल तर स्वतः जावे लागते, आणि न्यायालयाने मोकळे केल्याशिवाय निघायचे नसते.

कागद द्यायला हरकत असेल, म्हणजे तो गोपनीय आहे, किंवा तुमच्या स्वतःच्या मिळकतीचा मालकीदस्त आहे आणि तुम्ही पक्षकार नाही, किंवा त्यातून तुम्हीच गुन्ह्यात गुंतण्याची शक्यता आहे, तर हरकत जरूर घ्या. पण ती घरी बसून घेता येत नाही. कागद न्यायालयात न्यायचा, बंद पाकिटात चालेल, आणि हरकतीचा अर्ज तिथेच द्यायचा; निर्णय न्यायालय करते. वर्णन समजत नसेल तरी गप्प बसू नका. 'समन्समधील अनुक्रमांक २ चा बोध होत नाही, खुलासा व्हावा' असे लेखी कळवा आणि बाकीचे कागद घेऊन जा.

नेण्याआधी प्रत्येक पानाला क्रमांक द्या आणि पूर्ण संच स्कॅन करून ठेवा. दोन प्रतींत यादी करा. एक कागदांसोबत द्या, दुसरीवर न्यायालयाच्या कर्मचाऱ्याची पोच घ्या. मूळ न्यायालयातच राहिले तर तुमच्या दप्तरात त्या जागी पोचेची प्रत आणि दाव्याचा क्रमांक लावून ठेवा. मूळ परत मिळण्यासाठी आदेश १३, नियम ९ खाली अर्ज करता येतो. दावा निकाली निघून अपिलाची मुदत संपल्यावर ते मिळते, त्याआधी हवे असेल तर प्रमाणित प्रत जागी ठेवून आणि गरज पडल्यास मूळ पुन्हा हजर करण्याची हमी देऊन. हा अर्ज करायला कोणी आठवण करून देत नाही, तेव्हा दप्तरातल्या त्या पोचेवरच पेन्सिलीने लिहून ठेवा.